बारा किलोचं पोतं

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आमच्या जुन्या घरावर तू हिरवं छप्पर करून दिलंस, रोपं छान तरारली आहेत. पण तुला फसवलं रे! मातीचं उरलेलं पोतं मी घरच्या धान्याच्या काट्यावर टाकलं, तर बारा किलो भरलं. एवढ्या पोत्यात चाळीस तरी हवी. माती कसली, फुंकर मारली की उडते. तुझं पहिलंच काम, म्हणून बोभाटा केला नाही. देवाचं नाव घेतलं आणि परसातली काळी माती चाळून चार दिवसांत सत्तर बादल्या वर पसरल्या. बादलीगणिक वजन वहीत आहे. आता माप पुरं झालं.

तेव्हापासून न्हाणीघराचं दार मात्र घट्ट बसतं. आमचे हे म्हणाले, छप्पर खाली आलंय. मी म्हटलं, तुमचं पोट पुढे आलंय.

माझ्या लोभाचं वजन करायला काटा लागणार नाही.

तुझी ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस सा. न.

आधी न्हाणीघरात भाऊजी नाहीत ना, ते बघ. वर पाणी थेंबभरही घालू नकोस. अगं, कोणी फसवलं नाही! ती माती भाजलेल्या खड्यांची, मुद्दाम हलकी केलेली, जुन्या घराला पेलावी म्हणून. तू तिथे दोन म्हशी नेऊन बसवल्यास.

गुरुवारी तपासनीस येणार. छप्पर पास झालं तर शाळेचं काम मला मिळेल. नाहीतर मी पुन्हा मामाच्या दुकानात तोट्या विकायला, आणि रोज ‘मी सांगत होतो’ ऐकायला. ताई, काहीही कर, पण ती काळी माती उतरव.

राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा घाबरलेला धाकटा

ता. १० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माती उतरली. आमच्या प्रार्थना मंडळाच्या अकरा जणी बोलावल्या. वर एकीनेच जायचं, तीही सगळ्यात हलकी, म्हणून सगळ्यांना काट्यावर उभं केलं. शेजारीण म्हणत होती, तिला अजून कॉलेजातला ब्लाउज होतो. काटा एक्याऐंशी म्हणाला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. शाळेच्या बाई त्रेचाळीस भरल्या, त्या वर गेल्या. बाकीच्या जिन्यात उभ्या राहून बादल्या हातोहात खाली.

शेवटची बादली उतरली आणि न्हाणीघराचं दार आपोआप उघडलं. हे सकाळपासून आत होते. पेपर दोनदा वाचून झाला होता.

तपासनीस आजच टपकले. वर किती वजन आहे म्हणून दरडावून विचारलं. मी वही पुढे केली: पोती, बादल्या चढल्या किती, उतरल्या किती, बाई किती. त्यांनी दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसून सगळीच वाचली आणि सही केली. शाळेचं काम तुझं! कार्यालयात दाखवायला वही मागत होते, मी दिली नाही. शेजारणीचं वजन आहे तीत.

शाळेला माती पाठवशील तेव्हा पोत्यावर ठळक लिही: मुद्दाम हलकी आहे. शाळेच्या बाईंनी पोती तोलायला आत्ताच माझा काटा मागितलाय.

तुझी ताई