माळावरचं बंदर

५ ऑक्टोबर
फाट्यावर बोर्ड लागला. निळा, घराएवढा, वर जहाजाचं चित्र. 'नियोजित ड्राय पोर्ट'. म्हणजे कोरडं बंदर. उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायला टँकर येतो आणि बोर्डावर जहाज! मी हसले, तर हे गंभीर.
"जहाज इथं येत न्हाई गं. माल इथं डब्यात भरायचा, तपासायचा, सील मारायचं. मग रेल्वेनं समुद्राकडं. लई कामं निघतेत, दुकानं, गोदामं. तालुका उभा राहील."
कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणे टपरीवर सगळे बोलतात. टपरीवर बोलणारे बोलोत, पण ह्यांना साधा गॅसचा नंबर पाठ होत नाही, आणि हे एवढं पाठ?
पुढं नुसतं ड्रा.पो. लिहीन. लिहावं लागणार असं दिसतंय.

७ ऑक्टोबर
सीताफळाचा तोडा. रफिकभाई टेम्पो घेऊन आले. आमचा माल तेच नेतात, धारूरला त्यांचा गाळा आहे. ड्रा.पो.वर खूश. "भाभी, आता काय बीड नि काय पुणं. थेट दुबई."
म्हटलं, फळाचे डोळे उघडले की दोन दिवसांत मऊ पडतं, आणि जास्त गारठ्यात ठेवलं तर काळं. मग दुबईला काय, बिया पाठवायच्या?
"कायतरी मशीन येईल की." हसले. पण आज फळापेक्षा माळाकडं जास्त बघत होते. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी मुद्दाम मधे जाऊन उभी राहिले.

१० ऑक्टोबर
मी कापसात होते. परत येताना बघितलं, माळावर तिघं जण, तीन पायांवर दुर्बिणीसारखं यंत्र. कुणाला विचारून आलात?
"ताई, आमी फक्त मोजतोय."
फक्त! हा माळ मी लग्न होऊन आले तेव्हा नुसता मुरूम होता. आपोआप उगवलेली सीताफळाची रोपं शेळ्यांच्या तोंडातून मी वाचवली, बाभळीच्या काट्यांचं कुंपण मी घातलं. सासूबाई म्हणायच्या, दगडाला पाणी घालती. आज घर त्याच दगडावर चालतं. सातबारा मात्र ह्यांच्या नावावर.
ते गेल्यावर झाडाखाली स्टीलचा ग्लास सापडला. चहाचा, तळाला पावडर. उलटा केला, खाली नाव कोरलेलं. ह्यांचं. आमच्या लग्नातला.
घासून मांडणीवर ठेवला. उपडा, नाव वर.

१२ ऑक्टोबर, वडवणीचा बाजार
हे खताच्या दुकानात जातो म्हणून गेले. मी पाटी घेऊन नेहमीच्या जागी, जनावरांच्या बाजाराच्या कडेला. खाली बसलं की माणसांची तोंडं दिसत नाहीत, हात आणि पाय दिसतात. समोर एक पांढरी पँट, कडक इस्त्री, आणि तिच्यासमोर एक चप्पल. डाव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो मी शिवला आहे.
वर टॉवेल टाकलेला, दोघांचे हात टॉवेलाखाली.
बैलाचा भाव असाच होतो. बोटं दाबून आकडा सांगायचा, आजूबाजूला कळू द्यायचा नाही. हात बाहेर काढला की सौदा मोडला. आत आहे तोवर बोलणं चालू. सगळं ठीक. पण त्या दोघांच्या मधे बैल नव्हता. पलीकडंही नव्हता. आमचे तर विकून जमाना झाला.
एक गिऱ्हाईक फळ दाबदाबून बघत होतं, त्याला उगाच बोलले.
संध्याकाळी विचारलं, "बैल घ्यायचा इचार हाय का?"
"कावून?"
"सहज."
खताची पिशवी आणलीच नाही. दुकान बंद होतं म्हणे. येताना मी त्याच दुकानासमोरून आले.

१४ ऑक्टोबर
रफिकभाईंना सरळ विचारलं, पांढरी पँट कोण.
"जमिनी जमवतोय, भाभी. मीबी गेलतो त्याच्याकडं, बंदराच्या गेटाजवळ गाळा पायजे म्हणून. त्यानं मलाबी टावेलात हात घालायला लावला."
"बंदर होणार हाय का पण?"
"खरं सांगू? त्यालाबी म्हाईत न्हाई. आलं तर बंदर, न्हाई तर प्लॉट पाडून इकायचे. त्याचं कायबी बुडत न्हाई."
मग म्हणाले, दिगूभाऊला सांभाळा. दिगूभाऊ म्हणजे हे.
बरं वाटलं. मग वाटलं, हा माणूस मला हे का सांगतोय? आम्ही नाही विकला तर गेटाजवळची जागा ह्याचीच जाणार, मग सांगतोय कशाला? की आमचा माळ राहिला तर ह्याचा माल राहील म्हणून? दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार केला. सगळीकडं काळंबेरं दिसायला लागलंय, हे मलाच बरं वाटत नाही.

१६ ऑक्टोबर
पुण्याहून गणेशचा फोन. कंपनीनं पुन्हा थोड्याच महिन्यांचं काम दिलंय. मग म्हणाला, "आई, बाबा म्हणत होते तिथं मोठं काम येतंय. जमीन देणाऱ्याच्या घरात एक नोकरी. मी येऊ का गावाकडं?"
म्हणजे हे होतं. पैशाचं नव्हतंच.
राग यायला पाहिजे होता. आधी रडू आलं. पोरगं घरी जेवेल, अंगणात त्याची गाडी उभी असेल, एवढंच डोळ्यांपुढं आलं आणि क्षणभर मीही माळ विकून टाकला. आता ह्यांच्यावर संशय घेऊ की स्वतःवर?
गणेशला म्हटलं, नोकरीचं कुणी लिहून दिलंय का? म्हणाला, बाबांना विचार. बाबा गोठ्यात जाऊन बसले. गोठ्यात जनावर नाही.

१८ ऑक्टोबर
दिवेलागणीला हे ओट्यावर होते. मी त्यांचाच टॉवेल घेतला, समोर बसले, हातावर टाकला.
"त्या माणसाला जे सांगितलंत ते मला सांगा."
कुठून कळलं ते विचारलं नाही. मग टॉवेलाखाली हात घातला. एकही बोट दाबलं नाही. तळवा घामानं ओला.
"मी कायबी दाबलं न्हाई, सुमन. तोच दाबत व्हता."
"मग हात काढून घेतला?"
दुसऱ्या हातानं टॉवेलाची कड सारखी करायला लागले.
"काढला का न्हाई?"
"न्हाई. उद्याच्या बाजारी ये म्हनलाय."
"नोकरीचं?"
"तोंडी हाय." मग एकदम लहान आवाजात, "पोरगं आलं असतं गं."
मला खूप बोलायचं होतं. ह्यांचा हात आतच होता. मीही काढला नाही. वरण उतू गेलं तेव्हा उठले.

१९ ऑक्टोबर
बाजार. ह्यांनी दाढी केली, टॉवेल खांद्यावर टाकला. मी पाटी न घेता निघाले.
"फळ न्हाई, मग तू कावून येतीस?"
म्हटलं, हात घेऊन येते.
नको म्हणाले नाहीत. ये पण म्हणाले नाहीत. खिशात काय काय घेतलंय दिसत नाही, पण सदऱ्याचा खिसा फुगलेला आहे. आधार कार्ड असेल. तंबाखूही असेल.
हे फाट्यावर बसून लिहिते आहे, त्या जहाजाच्या खाली. गाडी अजून यायची आहे. बोर्डाचा एक कोपरा आताच सुटून फडफडतोय. मघाशी हे जवळ आले, खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या डोक्यावर टाकला. "ऊन लागंल." आणि परत लांब जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.
ऊन अजून चढलेलंच नाही. ह्यांनी असं कधी केलं होतं ते आठवून बघतेय. सौद्याचा टॉवेल आता माझ्याकडं आहे. की तिथं पांढऱ्या पँटवाल्याकडं त्याचा वेगळा असतो?
गाडी दिसली. टॉवेल मी घडी करून घट्ट धरला आहे.