चार मिलिमीटरचा पाइप

२० जुलै, रविवार
सकाळीच दातिवऱ्याला, माहेरी. कंपनीतलं जाडी मोजायचं यंत्र शिर्केसाहेबांना विचारून नेलं. न विचारता नेलं असतं तर दिवसभर तेच टोचत राहिलं असतं.
बोटींची ट्रॉली तपासली. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या अकरा बोटी एकेक करून हिच्यावरून समुद्रात जायच्या. पुढे ट्रॅक्टर, दोन्ही अंगांनी बोटीला हात लावून चालणारी माणसं. दादा नेहमी डाव्या चाकाशी.
ट्रॉली सांभाळतो तोच. ताजा निळा रंग, तांबूस ठिपका शोधून सापडणार नाही. तिच्या पाइपांची मापं ४.५, ४.६, ४.५ मि.मी. ठीक आहे म्हटलं. दादा खूष. वहिनीने सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली.

२१ जुलै, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत घास हातातच राहिला. पाइप घेतला तेव्हा चार मि.मी.चा होता! बोईसरच्या दुकानात दादाबरोबर मीच गेले होते. सहा वर्षं खाऱ्या पाण्यात बुडून लोखंड जाड कसं होईल?
यंत्राने रंगही लोखंडात धरला. खरवडल्याशिवाय मोजायचं नाही, हे कंपनीत नव्या माणसांना मीच शिकवते.
आणि खालची बाजू मोजलीच नाही. खाली चिखल होता, ड्रेस नवा होता. लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहून ठेवते.

२२ जुलै, मंगळवार
दादाला फोन. आधी स्वतःची चूक सांगितली, मग रंग खरवडायचं सांगितलं. म्हणाला, "परवा चांगली होती, आज नाय. ट्रॉली तीच हाय, बाय. तू बदललीस काय?"
मापं तर माझीच होती.

२६ जुलै, शनिवार
रजा टाकली. जुना पंजाबी ड्रेस घालून ट्रॉलीखाली आडवी झाले. लोखंडी पत्रीने रंग खरवडत होते तेव्हा दादा तोंड फिरवून उभा. रंगाचे तीन हात दिले होते त्याने, दोन रविवार घालवून.
खालची बाजू : १.२, १.१. मागच्या चाकाजवळ ०.९. तीनदा मोजलं. बाहेरून लोखंड कोरं करकरीत. गंजाने खाल्लंय ते आतून.
पण आत पाणी साचेल कसं? पाणी निघायला पाइपाच्या टोकांना भोकं पाडून घेतली होती, असं मला आठवत होतं. चाचपून बघितलं, एकही नाही. माझीच आठवण चुकली असेल.
जमलेल्यांत म्हातारे तांडेल होते, ज्यांच्या शब्दावर गावच्या बोटी सुटतात ते. म्हणाले, यंत्राने रविवारी एक सांगितलं, आज दुसरं, मंगळवारी तिसरं सांगंल. सगळे हसले. मीही हसले, राग आला तरी.
शेवटी मी म्हटलं, बोटीऐवजी रेतीच्या गोण्या चढवा. बोटीएवढं वजन, वर जाळी-इंजिनाचं. ट्रॉली जागेवर उभी, जवळ कुणी नाही. उद्या सकाळी. दादा म्हणाला, टिकली तर? मी म्हटलं, टिकली तर सगळ्यांसमोर माफी मागेन.
माफी मागेनही. पण टिकली तरी उतारावर न्यायला हो म्हणणार नाही. उभ्या वजनाला टिकणं वेगळं, खड्ड्यात आपटणं वेगळं. हे त्याला सांगितलं नाही. लबाडीच की. उद्या आधी सांगायचं.

२७ जुलै, रविवार
आधी सांगितलं. दादा म्हणाला, "म्हणजे तू कशीपण जिकणार." खरं होतं.
गोण्या चढायला लागल्या. वीस, तीस. काही नाही. मोडावी असं मनात येत होतं, आणि ट्रॉली दादाची, त्याचीही लाज. एकेचाळिसावी गोणी ठेवून माणसं बाजूला झाली आणि मागच्या चाकाजवळ पापड मोडावा तसा आवाज आला. मोठा नव्हता. पाइप खालून उघडला, ट्रॉली हळूच डाव्या अंगावर बसली. दादा चालतो त्याच अंगावर.
आतून काळं पाणी. बादलीभर तरी, सडक्या वासाचं. वाहत वाहत तांडेलांच्या पायाशी गेलं. ते मागे सरले नाहीत. वाकून बघितलं, म्हणाले, "इंजिनासकट बोट वर असती तर दोन मानसं गेली असती." मग माझ्याकडे बघून, "यंत्र ठेव बाय बाजूला, चा घे."
दादा मोडलेल्या टोकाशी उकिडवा बसला होता. नखाने रंग काढला, रंगाखालून पांढरी पुट्टी निघाली, पुट्टीखाली भोक.
"मीच बुजवली," म्हणाला. "दर सालाला रंगाआधी. भोक दिसलं का हात थांबतच नाय. बोटीला भोक म्हंजे मरण, लहानपनापासून तेच केलं."
बोटीचं भोक पाणी आत घेतं, ट्रॉलीचं सांध्यांतून शिरलेलं पाणी बाहेर सोडतं. इतकं साधं. आणि सहा वर्षांपूर्वी हे त्याला समजावून द्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. भोकं पाडून घेतली, का ते सांगितलं नाही.
तरी येताना सफाळ्यापर्यंत स्कूटीवर मोठ्याने गात आले. एका बैलगाडीवाल्याने वळून बघितलं. बघू दे.

३ ऑगस्ट, रविवार
बोईसरला वेल्डरकडे, दादा बरोबर. नवे पाइप, प्रत्येक टोकाला खाली भोक. वेल्डर म्हणाला, "मॅडम, ये छेद पे पेंट भी मत जमने देना." दादाने त्याच्याकडून एक जुना खिळा मागून घेतला. कशाला विचारलं तर, रंग वाळताना भोकात फिरवायला. ट्रॉलीला दोरीने बांधून ठेवणार आहे.
खालची बाजू मी आडवी होऊन मोजली. रंगाआधी. ४.०, ४.०, ४.०. इतका सुंदर आकडा बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

९ ऑगस्ट, शनिवार
पौर्णिमा. दादाला राखी बांधली. समुद्राला नारळ. मग सगळ्यांच्या देखत तांडेलांनी मला विचारलं, उद्या नेऊ ना ट्रॉली? मी हो म्हटलं. फक्त "हो." त्यात "बहुतेक" नव्हतं. आयुष्यात मी असं किती वेळा म्हटलंय?

१० ऑगस्ट, रविवार
अकराच्या अकरा बोटी पाण्यात! पाचव्या बोटीला मागचं चाक खड्ड्यात गेलं, ट्रॉली आदळली, दादा डाव्या अंगाला. ट्रॉली उठली आणि चालू लागली. शेवटच्या फेरीला पाण्याबाहेर आली तेव्हा टोकाच्या भोकांतून चार बारीक धारा. दादा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून बायकांना बोलावून बोलावून दाखवत होता, जसं काही त्यानेच शोधून काढलं. वहिनी म्हणाली, नळ दुरुस्त करायला वर्ष लावतो, आणि इथं गळती बघून नाचतोय. मी इतकी हसले की बसावं लागलं.
खूप छान दिवस. कुठेही "पण" लिहायचा नाही असं ठरवलंय.

११ ऑगस्ट, सोमवार
सकाळी सातला दादाचा फोन. झोपला नव्हता वाटतं. खाडीपलीकडच्या गावची ट्रॉली गेली दोन वर्षं त्यानेच रंगवली. हौसेने. "तिथली भोकंपन मीच बुजवलीत, बाय." त्यांच्या बोटी बुधवारी उतरायच्या. त्याने तिथल्या सरपंचांना फोन केला तर ते म्हणाले, आमची ट्रॉली तुमच्यापेक्षा नवी, रंग बघा कसा चकचकीत.
मला विचारलं नाही, येतेस का म्हणून. म्हणाला, मी खिळा आनि हातोडी घेऊन निघालो, पत्री तुझ्याकडं हाय.
शिर्केसाहेबांना यंत्रासाठी आणि रजेसाठी फोन लावलाय. उचलत नाहीत. जुना पंजाबी घातलाय.