तो शेजारी शेवटी आला

आई,

आधी बातमी सांगते, कारण तू असतीस तर मी बाहेरून येऊन पाणी पिण्याच्या आत तेच विचारलं असतंस. तो शेजारी शेवटी आला. तुझ्या त्या इंग्रज बाईकडे. मला हे उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळलं आणि तेव्हापासून माझं चित्त कुठे लागत नाही. वर्गात शिकवताना मध्येच थांबते, घरी गॅसवर काय ठेवलंय ते विसरते, हे लिहायला बसले तरी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. ही बातमी जिला सांगावी असं दुसरं कोणी नाही. यांना सांगितली, तर हे "बरं झालं" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. त्यांचंही काही चुकलं नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचा कोणी जमीनदार शेजारणीकडे बसायला गेला की नाही, याचं मनीषनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर कोणाला काय पडलंय? ते तुलाच पडलेलं होतं.

एम.ए.ला मला प्रबंध लिहायचा होता आणि सरांनी डिपार्टमेंटच्या लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली एक जमीनदारीण, दूर दिलेल्या आपल्या बहिणीला तिने लिहिलेली पत्रं. त्यात लढाया नव्हत्या, राजेराण्या नव्हत्या. कोण कोणाकडे आलं, किती वेळ बसलं, कोणाच्या मुलीचं ठरता ठरता फिसकटलं, कोणाच्या पोरांना देवी आल्या, कोणाचा धाकटा पलटणीत गेला. मला ते वाचवत नव्हतं. नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरात अभ्यासाला जागा म्हणजे स्वयंपाकघरातली फरशी. मी भिंतीला टेकून बसले आहे, तू पोळ्या लाटते आहेस, आणि माझ्याकडे न बघता विचारतेस, "काय वाचून राहिली वं, एवढं तोंड वाकडं करून?" मी म्हणते, "एक बाई आहे. तिच्याकडे कोण कोण आलं, ते लिहून राहिली बहिणीला." तू तवा खाली उतरवतेस. "मग मोठ्यानं वाच नं. मलेही कळू दे कोण आलं."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. मी इंग्रजी वाचायची, तिथल्या तिथे मराठीत सांगायची आणि तू ऐकायचीस, जशी पलीकडच्या गल्लीतली हकिकत ऐकावी. नावं तुझ्या जिभेवर बसेनात, म्हणून तू सगळ्यांची नावं पाडलीस. ती बाई म्हणजे चिठ्ठीवाली. तिचा पाय सुजलेला दीर म्हणजे लंगडा. तिची मधली मुलगी, जिचं कुठे जमत नव्हतं, ती नुसती मधली. रस्ते अंधारे म्हणून ते लोक जेवणावळी पौर्णिमेच्या आसपास ठेवत, असं मी वाचून दाखवलं, तर तू म्हणालीस, "बरोबर आहे. आमच्या गावालेही चांदणं पाहूनच बंडी जुंपत." कुठल्या तरी म्हाताऱ्या चुलतीच्या दुखवट्यात ती महिनोन्‌महिने काळे कपडे घालून राहिली, ते तुला पटलं नाही. "जिवंत होती तेव्हा तर तिले नावं ठेवत होती," म्हणालीस. आणि एकदा, कोणाकडे तरी चहाला निघालेली तिची बग्गी चिखलात रुतली तेव्हा तू पोळपाट बाजूला सारून म्हणालीस, "एवढ्या मोठ्या घरात राहून दुसऱ्याकडे जाण्यासाठी एवढा जीव टाकते म्हणजे घरात मन लागत नसन तिचं."

मग तो शेजारी आला पुस्तकात. खरं म्हणजे आला नाही, तीच तर गोष्ट. त्यांच्या जमिनीला लागून जमीन असलेलं घराणं, वर्षानुवर्षांचं जाणं-येणं. चिठ्ठीवाली मुलींना घेऊन त्यांच्याकडे गेली, बसली, त्यांच्या भिंतींना लावलेल्या नव्या कागदाचं कौतुक करून आली. त्या लोकांची रीत अशी की आपण कोणाकडे जाऊन आलो की थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्याकडे यायचं. नाही आले तर समजायचं, संबंध संपले. तो आला नाही. पुढच्या पत्रात एक ओळ: अजून ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या पत्रात पुन्हा तीच ओळ. त्या दिवशी तू लाटणं खाली ठेवलंस. पिठाचा हात तसाच घेऊन खिडकीशी उभी राहिलीस. मला तेव्हा वाटलं, तुला कंटाळा आला असेल.

आज त्या खिडकीतली तू मला लख्ख दिसतेस, म्हणून मामाची गोष्ट इथे लिहायलाच हवी. कामठीचा तुझा धाकटा भाऊ. दर भाऊबीजेला न चुकता यायचा, दारातूनच "ताई, काय केलं वं जेवाले?" म्हणायचा. प्रबंधाच्या दोन वर्षं आधी त्याने घर बांधलं, तू वास्तूला गेलीस, मीही होते बरोबर. गर्दी होती, मामा आचाऱ्यामागे धावत होता, तुझ्याशी धड बोलला नाही. तू त्याच्या घराच्या प्रत्येक खोलीला नावाजलंस आणि संध्याकाळच्या बसने आपण परतलो. त्या भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्याही नाही. "त्याची पाळी आहे," एवढंच तू बाबांना म्हणालीस. बाबा म्हणाले, "मग तूच जा पुन्हा." तू गेली नाहीस. मामी काही बोलली असेल का, आपण नेलेली साडी आवडली नसेल का, जेवताना मी काही उलटं बोलले का, हे सगळं तू मला पुन्हा पुन्हा विचारलंस आणि मी वैतागून "मले काय माहीत" म्हणत राहिले.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहून झालं तेव्हा मी ते मोठ्या तोऱ्यात तुला मराठीत ऐकवलं. त्यात एक वाक्य होतं की या भेटीगाठी म्हणजे रिकामा वेळ घालवण्याचे पोकळ उपचार होते. तू सांबाराच्या जुडीतली पिवळी पानं निवडत होतीस. तुझा हात थांबला. "पोकळ कसं? कोणाकडे जायचं म्हणजे अंगावरचं काम टाकून जा लागते. समोरचा बस म्हणन का नाही, तेही माहीत नसते. तरी माणूस जाते. तू कधी गेली का वं कोणाकडे, मी ओढून नेल्याशिवाय?" इतक्या वरच्या आवाजात तू माझ्याशी फार कमी वेळा बोललीस. मी वह्या उचलून फणकाऱ्याने आतल्या खोलीत गेले. वाक्य तसंच ठेवलं. सरांनी त्याखाली रेघ मारून "छान" असं लिहिलं.

पुस्तक संपलं तरी तो शेजारी आलेला नव्हता. शेवटचं पत्र मुलीच्या खोकल्यावर आणि सफरचंदांवर संपत होतं. "मग? आला का नाही तो?" तू विचारलंस. मी म्हटलं, "पुढचा खंड आपल्या लायब्ररीत नाही." तू खरोखर रागावलीस, "अशी कशी वं अर्धी पुस्तकं ठेवतात?" माझं लग्न झालं, मी कॉलेजात लागले, बाबा गेले, तरी मी माहेरी आले की कधीतरी भाजी चिरता चिरता तू विचारायचीस, चिठ्ठीवालीचं काही कळलं का म्हणून. मामाबद्दल तू विचारलं नाहीस. तुझ्यासमोर त्याचं नाव कोणी काढलं की तू उठून आत जायचीस. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा, नाकाला नळी असताना, तू मला जवळ बोलावून विचारलंस, "ते पुस्तक भेटलं का?" नर्सला वाटलं तुला भ्रम झाला आहे. मी तिला काही समजावत बसले नाही. तू गेलीस त्या दिवशी मामा आला होता. बाहेर पुरुषांमध्ये उभा होता, आणि सगळ्यांबरोबर घाटावर आला आणि तिथूनच परस्पर कामठीला गेला.

यंदा हिवाळी परीक्षांचं काम संपल्यावर मी कॉम्प्युटरवर दुसरंच काही शोधत होते आणि तो दुसरा खंड सापडला. सगळी पानं, फुकट, कोणीही वाचावीत अशी. मी भराभर पानं उलटत गेले. मधलीचं लग्न झालं, आई, एका पाद्र्याशी, आणि ते बरं चाललं. लंगडा वारला. आणि एका ओल्या सकाळी तो शेजारी आला. बग्गी नाही, बायको नाही, एकटा घोड्यावर. तासभर बसला, रस्त्यांविषयी बोलला, चहा घेतला नाही. आम्हाला बरं वाटलं, असं तिने लिहिलंय. बस. पुढची ओळ बदकांबद्दल. इतकी वर्षं का आला नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलंही नाही. मी मागची पुढची पानं पुन्हा वाचली, तळटीपा वाचल्या. मला त्या बाईचा इतका राग आला की मी उठून घरभर फिरत राहिले. विचारायला काय झालं होतं?

दुसऱ्याच दिवशी मी कामठीला गेले. मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि पुढे शेअर ऑटोने. घरून निघताना कुठे जाते ते यांनाही सांगितलं नाही. तुझ्या भावाचं घर आता जुनं दिसतं. मामी चार वर्षांपूर्वी गेली. सुनेने दार उघडलं. मामा ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, अंगात बनियन, हात अगदी काटकुळे. डोळ्यांवर हात धरून त्याने मला ओळखलं. "ताईची पोरगी नं तू? ये, बस. इतक्या उन्हात काहून आली?"

"असंच आली, मामा."

मग तो रस्त्यांविषयी बोलला. पुलाचं काम कसं रखडलंय, ऑटोवाले कसे चालवतात, मागच्या गल्लीतले विणकरांचे माग कसे एकेक करून बंद पडले. एक चालू होता, त्याची खटखट आमच्या बोलण्यात येत होती. चहा आला. मी त्या इंग्रज बाईसारखी गप्प बसून परत येणार नव्हते. "मामा, एक विचारू? आई तुमच्या वास्तूले आली होती. त्याच्यानंतर तुम्ही कधी आले नाही. काहून?"

सून बिस्किटांची प्लेट घेऊन दारातच थांबली. मामा गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "काही नाही वं. पहिले कंटाळा केला. घरचे लोक, दुकान, आज जाऊ, उद्या जाऊ. तशीच भाऊबीज गेली, मग शरम वाटली. मग लय दिवस झाले. लय दिवसांनं जायचं म्हणजे काही तरी कारण सांगा लागते. माह्याकडे कारणच नव्हतं."

"एवढंच?"

"एवढंच." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ताई रागात होती काय?"

"नाही," मी म्हटलं. "वाट पाहून राहिली होती."

त्याने मान हलवली आणि चहा बशीत ओतला. तो त्याने प्यायला नाही, त्यावर साय धरेपर्यंत तसाच धरून बसला.

परतताना ऑटोत मी तुझी कारणं मोजत होते. तू किती कारणं शोधली होतीस, आई. मामीचा स्वभाव, साडीचा रंग, माझी जीभ, कोणीतरी कान भरले असतील. रात्र रात्र जागून शोधलेली तुझी सगळी कारणं त्याच्या कारणापेक्षा मोठी होती. त्याचं काही भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. आता मी रागवायचं तरी कशावर? मी तुला हे सांगायला हवं होतं की नको, हेही मला ठरवता येत नाही. हे कळून तुला हलकं वाटलं असतं, की उलट आणखी लागलं असतं? याचं उत्तर या कागदावर तीनदा लिहून खोडलं आहे.

आणि तो आला, बरं का. दोन रविवारांनी, नातवाच्या गाडीतून, केळ्यांची फणी घेऊन. लिफ्ट बंद होती, तर प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत चढला. दारात उभा राहून दम खात म्हणाला, "तू आली, आता माही पाळी होती." मला वाटलं होतं, तुझ्या फोटोसमोर तो काही बोलेल, निदान डोळे पुसेल. त्याने फोटोकडे पाहिलं, हात जोडले, आणि सोफ्यावर बसून यांच्याशी मेट्रोविषयी बोलू लागला. पोहे खाल्ले, वरून आणखी मागितले. मला आतल्या आत चीड येत होती आणि मी त्याच्या पुढ्यात शेव वाढत होते. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "आता तू कधी येशीन?" मी म्हटलं, "येते नं, पुढच्याच आठवड्यात." तो जिना उतरत गेला, त्याच्या पायांचा आवाज खालपर्यंत येत होता, आणि तेवढा वेळ मला बरं वाटलं.

त्याला आता महिना होऊन गेला. हे कागद मी कुठल्या पाकिटात घालणार नाही, तुझा पत्ता कोणाकडे आहे? पण तुला एक सांगायचं राहिलं. काल सुटी होती. मामाकडे जायचं म्हणून मी तयार झाले, पर्स घेतली, दारापर्यंत गेले आणि परत आत येऊन पंख्याखाली बसले. ऊन फार आहे, असं यांना सांगितलं. एवढं काही नव्हतं.