विझवलेला दिवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघा दुखतो तेवढंच. वहिनीसाठी तिने मेथीचे लाडू केलेत, ते सोबत पाठवले आहेत.

तू फोन उचलत नाहीस. वहिनीला लावला तर तूच उचललास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. उद्या तू वहिनीला डोहाळजेवणाला कुरुंदवाडला घेऊन निघणार आहेस, असं आईकडून कळलं. त्या गाडीतून जाऊ नकोस.

हेच मी मागच्या आठवड्यात फोनवर म्हटलं, तेव्हा तू हसलास. "इंजिनिअर बाई, दिवा इझलाय की! तूच इझवलास न्हवं? मग आता भ्या कशाला दावतीस?" मी नियमांचं काहीतरी बोलले, तू चिडलास आणि फोन ठेवलास. चिडण्यासारखंच बोलले मी. सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.

तुझ्या लग्नात सम्राट आणि तुझ्या मित्रमंडळींनी ते छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग आहेरात दिलं आणि लगेच बसवलं. चालकाची एअरबॅग मूळ स्टिअरिंगच्या मधल्या भागात असते. ती त्याच्याबरोबरच निघाली. म्हणून एअरबॅगचा तांबडा दिवा लागला. वरातीची गाडी सजवताना तानाबाई आत्या ओरडली, "नवरानवरीच्या गाडीत तांबडा दिवा कशाला? इझव की गं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या घरात गाडीतलं कळणारी मी एकटी.

मी दिवा विझवला. दुरुस्ती केली नाही. एअरबॅगच्या वायरींना एक रेझिस्टर जोडला, शेंगदाण्याएवढा. त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला एअरबॅग जागेवर आहे असं वाटतं. धडक बसली तर कॉम्प्युटर बॅग उघडायला करंट पाठवेल आणि तो करंट त्या रेझिस्टरला मिळेल. वहिनीच्या बाजूची बॅग कदाचित उघडेल. तुझ्या छातीसमोर काहीही उघडणार नाही.

वरातीपुरतं, असं मी ठरवलं होतं. नऊ महिने झाले.

गुरुवारी आमच्या वर्कशॉपला एक गाडी आली. अशीच, असाच रेझिस्टर. डावीकडची बॅग फुगून लोंबत होती, उजवीकडे स्टिअरिंग वाकलेलं. चालक आयसीयूत आहे. तो कोण, मला माहीत नाही. त्याच्या गाडीत रेझिस्टर कुणी जोडला, तेही माहीत नाही. तुझ्या गाडीत कुणी जोडला, ते माहीत आहे.

मूळ स्टिअरिंग बॅगसह माझ्याकडे आहे, पण एवढे महिने ते नीट ठेवलं गेलेलं नाही. म्हणून ते मी बसवणार नाही. नवीन मागवलं आहे, कंपनीचं. तोवर गाडी वर्कशॉपला राहील.

हे पत्र कृष्णात देईल. आमच्याकडे टोइंगची गाडी चालवतो, भला माणूस आहे. तुमची गाडी तो उचलून आणेल. किल्ली त्याच्याकडे दे. शंभर मीटरसुद्धा गाडी चालवू नकोस. उद्यासाठी दुसरी गाडी सांगून ठेवली आहे, सात वाजता दारात येईल.

मी कृष्णातच्याच गाडीत बसलेय, तुझ्या दाराबाहेर. समोर आले असते तर पुन्हा दुसरंच काहीतरी बोलले असते. वाचून झालं की बाहेर ये, काय बोलायचं ते बोल, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे. पण येताना हातात किल्ली असू दे, दादा. तेवढं कर.

वरातीच्या दिवशी तू विचारलंस, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

झालं नव्हतं.

वर्षाराणी