खिंडीतला लाल दगड

अप्पा, सोमवारी सकाळी मी खिंडीत मशीनसमोर बसणार आहे. तुम्ही असता तर ओरडला असता, आणि मी ऐकलं नसतं.

तुमच्या गावाला एसटी जायची, तरी तुम्ही मला दोन दिवस डोंगराच्या धारेवरून चालवत नेलं होतं. मी आठ वर्षांची. उतारावर एक म्हातारा भेटला. "पोरी, वरच्या टाक्यात पानी हाय काय?" मी न बघताच "आहे" म्हणाले. टाकं कोरडं होतं, ते तुम्ही पाहिलं होतं. हमालीने दुखावलेल्या गुडघ्यांनी तुम्ही मला घेऊन परत चढलात, त्याला गाठून खरं सांगायला लावलंत. "डोंगरात माणूस दुसऱ्याच्या शब्दावर चालतो," म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता ती वाट आम्ही कॉलेजातली दहा-बारा जणं राखतो. रविवारी वाशीहून निघतो, प्लास्टिक वेचतो, ढासळल्या जागी दगड रचतो, वाट चुकते तिथे बाण काढतो. खिंडीत पांढरा रंग संपला म्हणून मी कळंबोलीहून आणलेला, लोखंडाला लावायचा लाल प्रायमर वापरला. तो वाळायच्या आत पाऊस आला, बाण ओघळला, दगडच लाल झाला. खिंडीखालच्या वाडीतल्या बायकांनी देवी समजून त्याच्यापुढे नारळ फोडला. मग एका फार्महाऊसवाल्याचा रस्ता आला. झाडं पाडत मशीन खिंडीपर्यंत पोचलं आणि दगड बघून ड्रायव्हर खाली उतरला. "देवीवर नाय चालवणार." काम थांबलं. आमची पोरं खूश. "गप बस यार, देवीने स्टे आणलाय, तोपण फुकट!"

मी वाडीतल्या एका आजीला सांगून टाकलं, "आजी, ती देवी नाही. रंग आहे, मी लावलेला." "मंग मशीन आलं तं तू आडवी होशील काय?" "होईन." "येकलीच?" म्हणाली, आणि उत्तर न ऐकता सुनेला हाक मारली.

बातमी ड्रायव्हरपर्यंत गेलीच. सोमवारी काम सुरू होतंय. ग्रुप माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, "घरातली पहिली ग्रॅज्युएट होणारी तू, आणि डोंगरात जाऊन बसणार?" हो, बसणार. वनखात्याच्या नकाशात ती खिंड जंगलात आहे. मी स्वतः अर्ज लिहिलाय, पोच घेतलीय. जंगल वाचवायला ते जंगल आहे एवढं कारण पुरे नाही का?

हे पत्र वहीतच राहील. एवढं मात्र कबूल करते: आजीला खरं सांगायला मला तीन रविवार लागले. तिन्ही रविवारी मी तिच्याच चुलीपाशी जेवले.