अर्धं जावळ आणि सरकारी दगड

भिवाकाका,

ठाकुर्लीहून कल्पिताचा तुमच्या पायांना नमस्कार. पायांवरून आठवलं, गुडघा कसा आहे? काकी बऱ्या असतील. आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण बरे नाय आहोत. तुमच्या नातवाच्या, विनीतच्या, काळजाला भोक आहे. पुढच्या बुधवारी ऑपरेशनसाठी ठाण्याला दाखल करायचंय, डॉक्टर बोलले आता थांबू नका. पण आई (म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या वहिनी) अडून बसल्यात. जावळ देवीसमोर काढल्याशिवाय पोराला सुरी लागू देणार नाय. तुमचा पुतण्या दिपेश बोलतो, आईला दुखवू नको, आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

देवी कुठे, तर आईंच्या मते धरणाच्या पाण्याखाली. (तुम्ही तिला उचलून नव्या गावात नेलीत म्हणून पाणी चढलं, देवी तिथेच राहिली, तुमच्याकडे आहे तो नुसता दगड, असं त्या मानतात. म्हणून तर तुमच्याशी बोलत नाय. त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला दिवसाआड येतं, करंगळीएवढं. बादली लावताना मी बोलते, देवी, जरा जोरात ये.)

तेवढ्यात कुणीतरी आईंना सांगितलं, धरणावर इतिहासाचा मोठा दगड लावलाय, त्यावर बुडालेल्या गावांची नावं कोरलीत, आपलं पण आहे. झालं. नाव जिथे, देवी तिथे. रविवारी आम्ही माझ्या भावाच्या, रतनच्या रिक्षातून निघालो. मामाची मांडी पाहिजे म्हणून रतन, केस काढायला नाक्यावरचा दौलत न्हावी, आईंच्या मांडीवर नारळ आणि शेंदूर, आणि मध्ये चेपलेली मी, पोराच्या छातीवर हात ठेवून. हल्ली मी तो हात काढतच नाय.

दगड काळा, चकचकीत, तोंड दिसतं त्यात. दौलतने मशीन चालू केलं, पोरगं रतनच्या मांडीवर रडायला लागलं. आईंना वाचता येत नाय, मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मीच बोट ठेवून मोठ्याने वाचलं. धरण कुणी बांधलं, फीत कुणी कापली, सगळं. शेवटी लिहिलंय, या गावांनी आपल्या जमिनी आनंदाने दिल्या. आई बोलल्या, परत वाच. परत वाचलं.

"आनंदाने? मी जात्याला मिठी मारून बसलेले. जात्यासकट उचलून ट्रकात टाकलं मला." असं बोलून त्यांनी देवीसाठी आणलेला सगळा शेंदूर त्या एका ओळीवर फासला.

शिटी वाजली. वॉचमन धावत आला, बोलला हा सरकारी दगड आहे, हात लावायला परवानगी लागते. आई बोलल्या, आमची देवी पण दगडच होती, तिला बुडवताना कुणाची घेतलेली? तोपर्यंत दौलत मशीन घेऊन रिक्षात जाऊन बसलेला, उतरायला तयार नाय. दगड आमच्याकडूनच पुसून घेतला. तो पण आमच्या प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने, कारण धरणाच्या पाण्याजवळ जायला मनाई आहे. शेंदूर अक्षरांत बसला तो निघाला नाय. आता ती ओळ रस्त्यावरूनच वाचता येते.

विनीत डावीकडून भटजी दिसतो, उजवीकडून हिरो. शेजारच्या बायका हसतात, मी पण हसते, मग आत जाऊन रडते. उरलेले केस खऱ्या देवीसमोरच, असं आईंचं चालू आहे.

बाकी ठीक. काकींना नमस्कार.

तुमची सून कल्पिता

ता. क. काका, तुमच्याकडची देवी पिशवीत घालून आदल्या दिवशी, मंगळवारी या. नातवाला बघायला आलो असं सांगा. दगड असेल तर दगड, सरकारी नाय ना.

परत ता. क. आईंनी बघितलं. कुणाला लिहितेस विचारलं, मी खरं सांगितलं. मग बोलल्या, भावजींना सांग, कोरड्या फडक्यात आणा. पाणी खूप झालं तिला.

अजून एक. तुम्हाला नाय जमलं तरी बुधवारी मी त्याला घेऊन जाणार. दौलतचं मशीन मागून ठेवलंय.