पाठवणारीचं नाव नाही

३ सप्टेंबर

पोचले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, लॅपटॉप आणि ताईने बळेबळेच कोंबलेला प्रेशर कुकर. खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. हिरवं दार, लाकडी जमीन, भिंतीत पक्कं केलेलं भलंमोठं कपाट. खिडकीसमोर लाँड्री, त्यामुळे दिवसभर इस्त्रीचा वास. घरमालक निवृत्त सुतार आहेत, मागच्या खोल्यांत एकटेच राहतात. वरचा मजला बंद. बॅगा त्यांनीच आत आणल्या आणि म्हणाले, "मला काका म्हण. साहेबबिहेब नको."

वायफाय भाड्यातच. आधीच्या भाडेकरूने, एका नर्सने, बसवून घेतलेलं. ती म्हणे न सांगता-सवरता निघून गेली, पासवर्ड तेवढा मागे ठेवून. काका हे सांगताना हसले, मीही हसले.

नवरा गेल्यापासून मी आतून दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलेल्या गालासारखी झाले आहे. चावा बसला तरी कळत नाही. समुपदेशक म्हणाल्या होत्या, काही वाटत नसेल तर काय घडलं तेवढं तरी लिहीत जा. म्हणून फोनवर ही रोजनिशी.

५ सप्टेंबर

नोकरी मनाजोगती आहे. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीचं मदतकेंद्र. तिथले सगळे संगणक माझ्या गळ्यात. आज प्रत्येकावर ओळख लपवणारा ब्राउझर चढवला. गेल्या वर्षी एका बाईच्या नवऱ्याने तिने नेटवर काय शोधलं ते पाहून तिला गाठलं होतं. तसं पुन्हा होऊ नये, हे केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच भेटीत मला बजावलं.

केंद्रासाठी एक वेबपानही उभं केलं. बाई आपल्या फोनवरून त्यावर लिहिते. निरोप तीन अनोळखी संगणकांवरून फिरत आमच्यापर्यंत येतो. कुठून निघाला ते आम्हालाही दिसत नाही, आणि दिसू नये म्हणून मी नोंदीच बंद करून टाकल्या. नाव विचारायचं नाही, हा मॅडमचा नियम.

८ सप्टेंबर

संध्याकाळी ओट्यावर काकांनी चहा दिला. काम काय करतेस म्हणाले. मी पाकिटाचं उदाहरण दिलं. पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट. प्रत्येक पोस्टमन एकच फोडतो आणि आतलं पुढे देतो. "म्हणजे टपाल कोणी टाकलं हे कोणालाच ठाऊक नाही? कमाल आहे!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. मग म्हणाले की मला त्या इंटरनेटातलं ओ की ठो कळत नाही. जाताना मी त्यांना केंद्राचं कार्ड दिलं, पानाचा पत्ता छापलेलं. ओळखीत कोणी अडलंनडलं असेल तर द्या म्हटलं.

बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं.

१५ सप्टेंबर

पानावर पहिला खरा निरोप. "मला कोंडून ठेवलंय. दिवस की रात्र कळत नाही. एक माणूस जेवण आणतो. तो कधीच ओरडत नाही."

मॅडमनी उत्तर लिहायला मलाच बसवलं. आम्ही आहोत, तुम्ही एकट्या नाही, सुरक्षित वाटेल तेवढंच सांगा, असं लिहिलं. निरोपाखाली नेहमीची ओळ होती: पाठवणारीचं नाव नाही.

१८ सप्टेंबर

ती रोज लिहिते, मी रोज उत्तर देते. केंद्रातल्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, तुझा चेहरा जरा उजळलाय. आरशात पाहिलं, मला तरी फरक दिसला नाही. पण सकाळी कामावर जायची घाई होते, हे खरं.

पत्ता द्या, पोलीस पाठवतो, असं विचारून पाहिलं. तिने उत्तरच दिलं नाही.

२३ सप्टेंबर

आजचा निरोप जसाच्या तसा:

"आता त्याने दुसरी आणली आहे. तिला माहीत नाही. तिचं बोलणं मला ऐकू येतं. ती फोनवर बहिणीशी बोलते. बहीण तिला चिमणे म्हणते. बिचारी चिमणी."

मला चिमणी म्हणणारी जगात एकच आहे. काल ताईचा फोन स्पीकरवर होता. मी भांडी घासत होते.

हे वाचल्यावर मी उठून पाणी प्याले. ग्लास विसळून पालथा ठेवला. मग मॅडमना हाक मारली.

२४ सप्टेंबर

पोलीस येऊन गेले. काकांनी वरचा मजला उघडून दिला. जुन्या खुर्च्या, रंगाचे डबे, धूळ. धुळीवर एकही पाऊल नाही. माझीही खोली पाहिली. कपाट उघडलं तर माझेच कपडे. अधिकाऱ्याने विचारलं, निरोप आला कुठून? मी तीन संगणकांचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हालाच माहीत नाही."

यंत्रणा मीच बांधली आहे. चोख बांधली आहे.

काकांनी सगळ्यांना चहा दिला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, चालायचंच, पोरी, एकटं माणूस घाबरतं. नर्सबद्दल विचारलं तर अधिकारी म्हणाला, ती हरवल्याची तक्रार कोणी केलेली नाही. तिला मागेपुढे कोणी नसावं.

२५ सप्टेंबर

"काल बुटांचे आवाज माझ्या डोक्यावरून गेले. मला ओरडता आलं नाही."

डोक्यावरून. म्हणजे ती वर नाही. खाली आहे.

घरी येऊन राउटर तपासला. दूरचं काही दिसत नसलं तरी घरातल्या वायफायला कोण जोडलेलं आहे ते दिसतं. माझा लॅपटॉप, माझा फोन, काकांचा फोन. आणि आणखी एक, बिननावाचा.

लाकडी जमिनीवर कान लावून पडले. काही नाही.

२६ सप्टेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या की तो पासवर्ड अख्ख्या गल्लीला माहीत असेल. लाँड्रीवाले वापरत असतील, किंवा कोणीतरी आचरट थट्टा करतंय. शिवाय पोलीस दुसऱ्यांदा येणार नाहीत. आठवडाभर सुट्टी घे म्हणाल्या. पाठीवर हातही ठेवला.

ताईला फोन केला. ती रडायला लागली. म्हणाली, भाऊजी गेले ते तू अजून पचवलंच नाहीस, उद्याच्या उद्या घरी ये. मी हो म्हटलं. आताशा मी सगळ्यालाच हो म्हणते.

केंद्रातून निघण्याआधी पान पाहिलं होतं. तिचा निरोप आला होता. "पुन्हा त्यांना आणलंत तर तो मला संपवेल. कपाटाच्या तळाची फळी उचलली जाते. रविवारी दुपारी तो बाहेर असतो. तुम्ही या. एकट्याच या."

येते, असं लिहिलं.

२७ सप्टेंबर

बॅगा भरल्या. तिला घेऊनच निघायचं. दोघी सरळ ताईकडे.

कपाट रिकामं केलं. तळाला एका कडेला बोटभर खाच आहे. इतकी सफाईदार की नख घातल्याशिवाय कळू नये.

हात थरथरत नाहीत. थरथरायला हवेत ना?

२८ सप्टेंबर, रविवार

काका पिशवी घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. जाते.

त्याच दिवशी

खाली आहे. शिडी उतरले आणि वर फळी बंद झाली. आपोआप नाही. खिट्टी सरकल्याचा आवाज आला.

फोनला रेंज नाही. वायफाय होतं, आत्ता गेलं. फळी ठोठावली, ओरडले. वर कोणीतरी कपाटात कपडे परत लावतंय. माझे कपडे. हँगर वाजतात.

भीती वाटते आहे. वर्षभरात पहिल्यांदा. बधिर पायात रक्त परत यावं तशी, सगळीकडून, सुयांसारखी—

ती आहे. खरंच आहे. कोपऱ्यात, गोधडीत. नर्सचा पांढरा कोट अंगावर. हाडं नुसती. जिवंत.

तिला म्हटलं, घाबरू नका, तुमचे निरोप मिळाले म्हणून तर मी आले.

ती म्हणाली, "कसले निरोप?"

फोनवरचे, म्हटलं.

म्हणाली, "माझा फोन त्याने पहिल्याच दिवशी काढून घेतला."

मग मी रोज— सकाळी घाईने जाऊन— ज्याला धीर देत होते तो—

खिट्टी. ती मला मागे ओढतेय, दिवा घालव म्हणते, फोन लपव, तो आधी फो